तीन तुकड्यांचा रॅम्प

१

रॅम्प गेल्याची बातमी आली तेव्हा भावनाताई खंडारे अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या पुढे एका टपरीवर चहावाल्याला बनवत होत्या. त्यांच्या स्कुटीला मागून दोन जादा चाकं लावलेली आणि हॉर्न म्हशीसारखा हंबरायचा. डिक्कीत पारडू आहे असं त्यांनी चहावाल्याला सांगून ठेवलं होतं, आणि तो भला माणूस हातातली गाळणी तशीच धरून डिक्कीला कान लावून उभा होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, रॅम्प गेला," अकोल्याहून चंद्रभान गावंडे म्हणाला.

"गेला म्हंजे? पाय फुटले काय त्याले?"

"मस्करी नका करू. सकाळी येऊन पाह्यतो तं ओट्यासमोर काहीच नाई. जागा साफ. आन तायडे मॅडम अमरावतीहून केव्हाच्या निघाल्या म्हनते."

भावनाताईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला, चहावाल्याला म्हणाल्या, "झोपलं ते. उठवू नको गा त्याले," आणि गाडी पिळली.

भावनाताईंचा अमरावतीच्या राजापेठेत ट्यूशन क्लासच्या खाली कर सल्लागाराचा धंदा. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून कुबड्या काखेत. स्वभाव असा की इन्कम टॅक्सच्या बाबूलाही त्या रबरी पाल दाखवून आलेल्या. वय चाळिशीच्या पुढे गेलं, पण खोड गेली नाही.

चंद्रभानला या भानगडीत त्यांनीच पाडलं होतं. त्याचा अकोल्यात शिलाईचा कारखाना. शाळांचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी. कारागीर यायचे, शिकायचे आणि पळायचे. एक दिवस तो रडगाणं घेऊन आला तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "ज्यायले कोनी काम देत नाई, ते काम सोडून पळत नाई. अपंग मानसं ठेव. सरकार म्हनते, यायले ठेवा, आमी तुमचा थोडा भार उचलतो. पीएफले हातभार, करात सूट, मानसाले आत येता यावं म्हनून अनुदान. अन एक सांगते, दया करू नको. धंदा कर."

चंद्रभाननं धंदा केला. आता त्याच्या अर्ध्या मशिनी अशाच लोकांच्या हाताखाली चालायच्या, आणि माल वेळेवर जायचा.

अडचण एकच होती. कारखाना कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. ट्रक मागे लावून गठाणी उतरवता याव्यात म्हणून तिथला ओटा ट्रकच्या मागच्या फाळक्याएवढा उंच. चढायला दगडी पायऱ्या, त्याही गुडघाभर. म्हणून अनुदानातून लोखंडी रॅम्प बनवला. ट्रक लागला की काढता यावा, म्हणून तीन तुकड्यांत. व्हीलचेअरचं चाक घसरू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी दोन बोटं उंच काठ. या काठासाठी भावनाताई वर्कशॉपवाल्याशी इतक्या भांडल्या होत्या की शेवटी त्यानं काठ फुकट लावून दिला आणि हात जोडले.

आणि मागच्या महिन्यात कोणीतरी निनावी तक्रार केली. रॅम्प बनवलाच नाही, अनुदान मालकानं खाल्लं, अपंग नुसते नावाला. तीच तक्रार घेऊन अनुदान देणाऱ्या खात्याच्या तायडे मॅडम तपासणीला येत होत्या. रॅम्प दिसला नाही तर मदत बंद, दिलेली वसूल. आणि मदत बंद झाली तर आपण कारखाना चालवू शकत नाही, हे चंद्रभाननं दसऱ्यालाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

जड लोखंड. हमालांशिवाय हलत नाही. गेटला कुलूप, गेटवर चौकीदार. आणि तरी रॅम्प नाही.

भावनाताईंनी बोरगावजवळ एका ट्रकला हंबरून बाजूला केलं.

२

त्या पोचल्या तेव्हा मॅडम आधीच आल्या होत्या आणि त्यांचा सत्कार चालू होता.

आवारात, ओट्यापासून थोडं दूर, गुडघाभर उंचीचं स्टेज. वर लाल कार्पेट, चारी बाजूंनी पिवळी झालर, माईक, मागे 'सहर्ष स्वागत'चा फ्लेक्स. कामगार सगळे खाली, कडुनिंबाच्या सावलीत. त्यांच्यापुढे दामिनी, आपल्या व्हीलचेअरमध्ये, हाताची घडी घालून.

"काय व, अशी काहून बसली?" भावनाताईंनी गाडी तिच्या बाजूला लावली.

"मॅनेजर अनुपभाऊ म्हने, दोघं मिळून उचलून ठेवतो स्टेजवर. मी म्हनलं, मी काय गठान आहे?" दामिनी बार्शीटाकळीची. घरच्यांशी भांडून अकोल्यात खोली घेऊन राहायची. "ताई, कारखाना बंद झाला तं मायबाप उद्याच न्यायले येतीन. मंग काही मी पुन्हा त्या घराबाहेर निघत नाई."

"नाई होत बंद."

"रॅम्प कुठं हाये तं मंग?"

 ताईंनी स्टेजकडे पाहिलं.

तिथं चंद्रभानचा जावई पियुष माईकवर बोलत होता. पांढरा शर्ट, आवाजात मध. पुण्यात काहीतरी करून बघून झालं होतं, आता वर्षभर सासऱ्याच्या कारखान्यात 'लक्ष घालत' होता. "हे आमचे विशेष बांधव आणि भगिनी," तो म्हणत होता, "यांच्या चेहऱ्यावरचं हसू हाच आमचा नफा."

विशेष बांधवांपैकी कोणीही हसत नव्हतं.

चंद्रभान शाल घेऊन पुढं झाला आणि सपाट कार्पेटवर ठेच लागून मॅडमच्या अंगावर जाता जाता वाचला. मॅडमनी नारळ घेतला, तोल सांभाळायला एक पाऊल मागं टाकलं, त्यांचीही चप्पल अडखळली, आणि नारळ हातातून सुटला. गडगडत स्टेजच्या कडेकडे निघाला. खाली बसलेल्यांनी पाय आखडून घेतले. पण नारळ मध्येच थांबला. कोणी ब्रेक मारल्यासारखा.

सगळे हसले. अमोल तेवढा हसला नाही. त्याला ऐकू येत नाही. तो कटिंगला असतो आणि कापडाकडे बघतो तसाच जगाकडेही टक लावून बघतो. तो नारळाकडे बघत राहिला, मग भावनाताईंकडे. ताईंनी भुवया उडवल्या.

तायडे मॅडमनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. वयानं लहान, पण नजर कडक. "सत्कार झाला. आता रॅम्प दाखवा."

"मॅडम, कालपर्यंत होता," चंद्रभान मोबाईल पुढं करत म्हणाला. "हे फोटो पाहा."

"फोटोत आजकाल काहीही बनतं. माझ्या भाच्यानं परवा मला चंद्रावर उभं केलं होतं, घरच्या गाऊनमध्ये."

"चोरी झाली हो."

"एवढं लोखंड? कुलूपबंद गेटमधून?"

पियुषनं हळूच सुस्कारा सोडला. "मॅडम, बोलू नये, पण गेटची किल्ली एकाच माणसाकडे असते. आणि शेजारीच भंगारचं दुकान आहे."

सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. तिथं खुशालराव चौकीदार उभे होते. म्हातारा माणूस, डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांनी कमरेची किल्ली मुठीत धरली.

"मी जेवण करून निघेन," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत रॅम्प दिसला तर ठीक. नाहीतर जे डोळ्यांना दिसलं तेच मी लिहिणार."

"आणि मी पोलिसांना फोन करतो," पियुष म्हणाला. "वाईट वाटतं, पण करावं लागेल."

३

"फोन करा, पियुषराव," भावनाताई खालून ओरडल्या. "पण जेवल्यावर करा. पोलीस उपाशी येतात, रोडगे कमी पडतीन."

मॅडमना हसू आलं. पियुषला नाही.

"ताई, वर ऑफिसात बसून बोलू," चंद्रभान कावराबावरा होऊन म्हणाला.

"वर येऊ कशी? रॅम्प कुठं हाये?" ताईंनी स्कुटी स्टेजच्या अगदी लगत आणून लावली आणि सीटवर मांडी ठोकली. "मी खालीच हावो. ज्याले बोलाचं आहे तो खाली येईन. एकेक जन पाठव."

पहिले खुशालराव आले. आल्या आल्या म्हणाले, "मी चोर नाई, बाई."

"मले माहीत आहे. काल काय झालं ते सांगा."

"संध्याकाळी कापडाच्या गठाणीचा ट्रक आला. हमालायनं रॅम्प काढला, गठाणी उतरवल्या, गेले. ट्रक जातानी मी फाळका पाडून पाह्यला. रिकामा होता. मंग कुलूप लावलं."

"रॅम्प परत लावला काय त्यायनं?"

"ते मले काय माहीत? मी गेटच्या भायेर बसतो. अंदरचं पियुषराव पाहून राह्यले होते. हमालायले तेच सांगून राह्यले होते."

"आन रातभर झोपले असान तुमी?"

खुशालरावांना हे फार लागलं. "झोपतो? गुरुकुंज मोझरीले महाराजायची पुण्यतिथी सुरू आहे. मले ड्यूटीमुळे जाता आलं नाई, म्हनून मी इथंच खंजेरी घेऊन बसलो. पहाटलोक भजनं म्हनली. भंगारवाल्याले विचारा."

भंगारवाल्याला भिंतीवरून हाक मारली. तो डोळे चोळत आला. "चोरी? अरे बावा, या म्हाताऱ्यानं मले रातभर डोळा लावू देल्ला नाई. याच्या अंगात चोरी कराले येळ कुठून असन? एक भजन संपलं का दुसरं."

"म्हंजे गेटातून काहीच गेलं नाई," ताई स्वतःशीच म्हणाल्या.

मग अनुप आला. चंद्रभानचा पुतण्या, कारखान्याचा मॅनेजर. तोंड फाटकं, शर्टाची बटणं उघडी.

"तुमाले वाटते मीच केलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"तूच म्हनला होता ना, यायले कामावर घेऊ नका म्हनून?"

"म्हनलो होतो. पहिल्या दिवशी. आता नाई म्हनत. मी सगळ्यायले शिव्या देतो, सारख्या. दामिनीनं परवा मले उलटी देल्ली. तिची लाईन बंद पाडून दाखवा कोनी, पाह्यतो मी." तो जायला वळला आणि थांबला. "एक सांगू? आठवड्याखाली एक कापूसवाला शेठ आला होता. हॉल पावलायनं मोजत होता. मले वाटलं काकानं बोलावला. काकाले विचारलं तं काकाले माहीतच नाई."

"चहा कोनं पाजला त्याले?"

अनुपनं डोकं खाजवलं. "पियुषरावनं. पावना आहे म्हनले."

शेवटी आला श्रावण, समारंभाचं सामान भाड्यानं देणारा बिछायत केंद्रवाला. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता आणि त्याला घरी जायचं होतं.

"ताई, मले कशाले अटकवून ठेवता? सकाळी आलो, काम केलं, संपलं."

"काय काय आनलं तू?"

"कार्पेट, झालर, खुर्च्या, माईक, फ्लेक्सची चौकट."

"हरवत नाई काय रे तुझं सामान? लग्नातले लोक तं खुर्च्या घरी नेतात."

श्रावण खुलला. "नेऊन दाखवा. माह्या प्रत्येक वस्तूवर नाव आहे." त्यानं खुर्ची उलटी केली. खाली लाल रंगात 'श्रावण बिछायत'. "माह्या चमच्यावर नाव आहे. स्टेजच्या लाकडी फळ्यायवर तं दोन्हीकून आहे. एक डाव तं माह्या सासऱ्याच्या घरी माह्याच नावाची बादली सापडली."

"मोठा हुशार हायेस."

"फक्त आज कार्पेट नीट बसलं नाई," श्रावण नाराजीनं म्हणाला. "कितीही ओढा, दोन ठिकानी फुगून राह्यते."

तो गेला. भावनाताई स्कुटीवर बसूनच होत्या. उभा माणूस स्टेजकडे वरून बघतो, त्याला नुसतं लाल दिसतं. स्कुटीवर बसलेल्या बाईची नजर कार्पेटच्या बरोबरीनं जाते. ताईंनी मान तिरकी केली आणि तांबड्या शेताच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, पाहावं तसं कार्पेटवरून आडवं पाहिलं. मग झालरीखाली कुबडीचं टोक घालून हलकेच वर ठोकलं.

त्यांना जे हसू आलं ते त्यांनी ओढणीत दाबलं. बाजूला दामिनी होती. तिनं विचारलं, "काय झालं, ताई?"

"माल सापडला."

"कुठं?"

"गप. चोर सापडाचा आहे अजून."

४

रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. मॅडमनी दुसऱ्यांदा भाजी घेतली, त्यामुळे चंद्रभानला थोडी आशा वाटली. पण हात धुऊन त्या सरळ स्टेजवर गेल्या आणि माईक हातात घेतला.

"जेवण छान होतं. त्याबद्दल आभार. आता कामाचं बोलते. आमच्या खात्यानं इथं रॅम्पसाठी पैसे दिले. मी आज स्वतः आले. मला इथं रॅम्प कुठंही…"

म्हैस हंबरली.

मॅडम दचकून गेटकडे बघायला लागल्या. भावनाताईंनी हॉर्नवरचा अंगठा काढला. "माफ करा, मॅडम. चुकून दबला. पण तुमी उन्हात उभ्या आहा. अकोल्याचं ऑक्टोबरचं ऊन हे, डोक्यात जाते. स्टेज जरासं निंबाखाली सरकवू देता काय? मंग लिहा जे लिहाचं ते."

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "चालेल. लवकर करा."

"अनुप, श्रावण, खुशालराव, या बरं."

अनुपनं बाह्या वर केल्या. श्रावण उठला. खुशालरावांनी काठी भिंतीला टेकवली. चंद्रभानही निघाला. अमोलला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तो सगळ्यांच्या आधी स्टेजपाशी येऊन उभा राहिला.

"नको, नको," पियुष मध्ये आला. "कशाला उगाच? मॅडमना उशीर होतोय. मी छत्री धरतो ना."

"छत्री कशाले, पियुषराव? दोन हात सरकवाचं आहे."

"अहो, सरकणार नाही ते. केवढं जड आहे. चौघांनी सुद्धा हलायचं नाही."

भावनाताईंनी मान हलवली, जसं लहान पोरानं पाढा बरोबर म्हटल्यावर हलवतात. "श्रावणभाऊ, तुझं स्टेज किती मानसं उचलतात गा?"

"माह्यं? लाकडी फळ्या आहे त्या. एक फळी दोघं जन गप्पा मारत नेतात." श्रावण गोंधळला. "पण ताई, हे स्टेज माह्यं नाई."

अनुपनं श्रावणकडे वळून पाहिलं.

"तुझं नाई?"

"नाई. मी आलो तं ताडपत्रीखाली तयारच होतं. पियुषभाऊ म्हनले, स्टेज आमचं आहे, तू फक्त झाक. मले वाटलं कारखान्याचं असन."

"अन मले वाटलं तुनं आनलं," चंद्रभान म्हणाला.

"मॅडम," भावनाताई म्हणाल्या, "तुमी रॅम्प शोधत आल्या ना? जरा खाली पाहा. तुमी उभ्या कशावर आहा?"

५

मॅडमनी खाली पाहिलं. लाल कार्पेट, दुसरं काही नाही.

"नारळ काहून थांबला, सांगा," ताई म्हणाल्या. "सपाट स्टेजवरून गोल नारळ गडगडत निघाला तं खाली पडला पाह्यजे. मधीच अडला. चंद्रभानभाऊले ठेच लागली, तुमची चप्पल अडकली, श्रावणचं कार्पेट बसत नाई. कार्पेटच्या खाली दोन धुरे आहे. तीन तुकडे बाजूबाजूले ठेवले का काठाले काठ लागतो, अन दोन धुरे होतात. ते काठ मी स्वतः भांडून लावून घेतले आहे. कुठंही ओळखीन. उभ्या मानसाले ते दिसत नाई. माह्यासारख्या बसल्या बाईले दिसतात."

अनुपनं कार्पेटचं टोक धरलं आणि ओढलं.

खाली लोखंड चमकलं. तीन तुकडे, शेजारी शेजारी, सिमेंटच्या विटांवर मांडलेले. दोन्ही बाजूंना दोन बोटं उंच काठ. श्रावणनं सवयीनं वाकून कुठं नाव आहे का ते पाहिलं. नव्हतं.

खाली बसलेल्यांतून एक आवाज उठला, टायरमधून हवा सुटावी तसा. दामिनीनं तोंडावर हात ठेवला.

मॅडम रॅम्पवर उभ्या राहून रॅम्प नाही असं सांगायला निघाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग लाज आली, आणि शेवटी त्या स्वतःलाच हसल्या. "सत्कारसुद्धा माझा याच्यावरच केलात."

"पण कोनं?" चंद्रभान पुटपुटला. त्याला कळलं होतं. त्याला फक्त कळायचं नव्हतं.

"गेटातून काही गेलं नाई," ताई सावकाश म्हणाल्या. "खुशालरावचं भजन साक्षीले आहे. म्हंजे माल अंदरच. लोखंड हलवाले हमाल पाह्यजे, अन हमाल काल रॅम्प काढाले आलेच होते. रोजचं काम. त्यायले कोनीतरी म्हनलं, आज तिकडे विटायवर मांडून ठेवा, साहेब येनार आहे. त्यायनं मांडलं अन गेले. हमालायजवळ कोन उभं होतं, खुशालराव?"

खुशालरावांनी पियुषकडे बघितलं.

"एवढं मोठं स्टेज रातोरात आलं, अन कोनी विचारलं नाई की आनलं कोनं. काहून नाई विचारलं? कारन बेवस्था जावयानं केली होती. आपल्या इकडे जावयाले एकच गोष्ट विचारतात, जेवले काय. पियुषरावले हे माहीत होतं. लपवाले त्यायनं विटा नाई वापरल्या, मॅडम. जावईपन वापरलं."

पियुषचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. "हा गैरसमज आहे. मी सुरक्षिततेसाठी…"

"कापूसवाला शेठ कोन होता?" अनुपनं विचारलं. "हॉल मोजाले आला होता तो."

"कपाशीचा सीझन सुरू होऊन राह्यला," ताई म्हणाल्या. "जुन्या जिनिंगचं गोडाऊन, ट्रकले ओटा तयार. कापूसवाल्याले अजून काय पाह्यजे? पण अंदर मशिनी आहे, मानसं आहे. मदत बंद झाली का चंद्रभानभाऊ स्वतःच कुलूप लावनार, हे दसऱ्याले सगळ्यायनं ऐकलं. मंग गोडाऊन रिकामं, अन मधी उभं राहून व्यवहार जुळवनारा जावई."

"तक्रारही तुमचीच?" मॅडमनी विचारलं.

पियुषनं मान वळवली. तो फ्लेक्सवरचं 'सहर्ष स्वागत' वाचत होता, जणू पहिल्यांदाच.

 चंद्रभानच्या डोळ्यांसमोर मुलीचं घर आलं असणार. मग तो स्टेजपाशी आला, लोखंडावर हात ठेवला. उन्हानं तापलेलं होतं, तरी ठेवला.

"पियुषराव," तो म्हणाला, "जावई म्हनून घरी केव्हाही या. पाटावर बसवीन, रोडगे वाढीन, पोरीच्या नशिबाले बोल लावनार नाई. पण या ओट्यावर पाय ठेवाचा नाई. तुमी मायी मानसं रस्त्यावर काढाले निघाले होते, अन नाव या म्हाताऱ्याचं घेतलं. त्याची माफी मागा आधी."

पियुषनं माफी मागितली. आवाजात मध उरला नव्हता.

६

मग जे झालं ते पाहायला भंगारवाला भिंतीवर चढून बसला.

अनुप, श्रावण, अमोल आणि हाती लागतील ते सगळे लोखंडाला भिडले. तुकडे एकेक करून ओट्याशी नेले, एकाला एक जोडले, खिळ्या ठोकल्या. अनुप सगळ्यांना शिव्या देत होता, सारख्या. दामिनीनं त्याला एक उलटी दिली. कारखाना मूळपदावर आला होता.

"कोणी ढकलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मला बघायचं आहे."

"ढकलाले मी देते काय?" दामिनी म्हणाली, आणि चाकांना हात घातला.

ती निघाली. मध्यावर चाक थोडं तिरकं झालं, काठाला लागलं आणि सरळ झालं. भावनाताईंनी डोळा मिचकावला. त्या एका टेकणीसाठी त्यांनी वर्कशॉपवाल्याचा एक अख्खा दिवस खाल्ला होता. दामिनी ओट्यावर पोचली, वळली आणि खाली बघितलं.

अमोलनं दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ही त्याच्या लोकांची टाळी. मग खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी तसेच हात वर केले. खुशालरावांनी केले, श्रावणनं केले, भिंतीवरच्या भंगारवाल्यानं एक हात केला कारण दुसऱ्यानं तो भिंत धरून होता. मॅडमनीही केले. आवाज कसलाच नाही, नुसते हात. आवारभर कपाशी फुटल्यासारखे.

"मी जे डोळ्यांना दिसलं ते लिहिणार, असं म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "ते लिहिते. मदत चालू राहील. आणि तोंडी एक सूचना आहे. पुढच्या वेळी सत्कार केलात तर स्टेजलाही रॅम्प लावा. हे लोक खाली आणि मी वर, हे मला आल्यापासूनच बोचत होतं."

"सत्कारावरून आठवलं," भावनाताई म्हणाल्या. "एक राह्यला आहे."

मॅडमनी खुर्चीवर ठेवलेली शाल त्यांनी मागून घेतली. नारळ अमोलनं उचलून आणला. दोन्ही खुशालरावांच्या हातात दिले आणि पियुषकडे बोट केलं. "रॅम्प रातभर सुखरूप ठेवला, पावसाच्या भेवानं ताडपत्री झाकली, वरून कार्पेट घातलं. इतकी काळजी तं मायी स्वतःची माय नाई घेत. करा सत्कार, खुशालराव."

खुशालरावांनी ती शाल फार व्यवस्थित पियुषच्या खांद्यावर घातली, दोन्ही टोकं सारखी केली आणि नारळ हातात दिला. मग आपली टोपी सरळ केली.

"आता मी," ताई म्हणाल्या.

त्यांनी स्कुटी मागे घेतली, रोख धरला आणि रॅम्पवर घातली. लोखंड दणदणलं. ओट्यावर पोचल्यावर त्यांनी अंगठा हॉर्नवर ठेवला आणि काढलाच नाही. म्हैस जुन्या जिनिंगच्या पत्र्यापर्यंत हंबरत गेली. आत दामिनीनं मशीन सुरू केली, तिच्या शेजारची सुरू झाली, मग पलीकडची, आणि बघता बघता हंबरणंही त्यात बुडून गेलं.

खाली पियुष एकटा उभा होता, शाल पांघरून, उन्हात. नारळाचं काय करावं ते त्याला कळेना. घामेजल्या हातातून तो सुटला. या वेळी त्याला अडवायला काठ नव्हता. गडगडत, उतारानं, थेट गेटकडे निघाला.

खुशालरावांनी किल्ली काढली आणि त्याच्यासाठी गेट उघडून दिलं.